मुलाचा की मुलांचा? रोजच्या मराठीत अनुस्वार कुठे द्यायचा, कुठे नाही

सूचनाफलकावर ‘सभासदाने थकबाकी भरावी’ असं लिहिलेलं असेल, तर ती सूचना कुणा एका सभासदाला उद्देशून आहे. ‘सभासदांनी थकबाकी भरावी’ असं असेल, तर ती सगळ्यांना लागू होते. आणि ‘सभासदानी’ असं लिहिलेलं असेल, तर लिहिणाऱ्याने अर्धं काम वाचणाऱ्यावर ढकललेलं आहे. एका टिंबाने एवढा फरक पडतो.

इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांना हे लवकर पटेल. इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी एस या अक्षराच्या आधी आली की वस्तू एका मुलाची, नंतर आली की अनेक मुलांची. शाळेत त्यावर गुण कापले जातात, त्यामुळे ते पक्कं लक्षात राहतं. मराठीत एक की अनेक हे सांगण्याचं काम अनुस्वार करतो. शिवाय आदर दाखवण्याचं कामही तोच करतो, जे अपॉस्ट्रॉफीला जमत नाही. तरीही मराठी लिहिताना त्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

फोनवर नव्याने मराठी टाइप करू लागलेले, कार्यालयात अचानक मराठी पत्रव्यवहार सांभाळावा लागलेले, घरातल्या लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायला बसलेले, उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांमध्ये मुलांना पाठवणारे पालक, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. व्याकरणाची परिभाषा यात थोडीच लागेल.

पहिली पायरी: जुने अनुस्वार सोडून द्या

जुन्या पुस्तकांत आणि आजी-आजोबांच्या पत्रांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मीं’, ‘तूं’, ‘पांच’, ‘दांत’, ‘नांव’, ‘आतां’, ‘केलें’ अशी रूपं दिसतात. त्या काळी ती बरोबरच होती. काही टिंबं शब्दाच्या मुळाची खूण म्हणून ठेवलेली असत. संस्कृत ‘दन्त’मधला न् ‘दांत’वर टिंब होऊन राहिला, ‘पञ्च’मधला ञ् ‘पांच’वर, ‘कण्टक’मधला ण् ‘कांटा’वर. प्रमाण बोलण्यातून तो नाकातला उच्चार निघून गेला होता, कागदावर मात्र तो चालूच राहिला. काही टिंबं व्याकरणाची होती: ‘तें’, ‘केलें’ यांवरचं टिंब नपुंसकलिंग दाखवायचं, ‘मीं’वरचं तृतीया विभक्ती.

मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम तयार केले आणि राज्य शासनाने ते १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. आज शाळा, वृत्तपत्रं आणि शासकीय लेखन याच अठरा नियमांवर चालतं. त्यांतले पहिले चार अनुस्वाराबद्दल आहेत, आणि चौथ्याचा आशय असा: आधीच्या तीन नियमांत सांगितलेले सोडून बाकी कोणतेही अनुस्वार देऊ नयेत, मग ते व्युत्पत्तीने सिद्ध होत असोत वा नसोत.

म्हणून नवशिक्याने पहिली सवय लावून घ्यायची ती टिंब न देण्याची. शंका आली की ‘असू दे, चुकायला नको’ म्हणून टिंब ठेवणारे बरेच असतात, आणि त्यांचंच लेखन सर्वांत जास्त चुकतं. टिंबाला कारण लागतं. कारण सापडलं तर द्या, नाही तर अक्षर मोकळं सोडा. कारणं मोजकीच आहेत.

दुसरी पायरी: शब्द मोठ्याने उच्चारा

अनुस्वार स्पष्ट ऐकू येत असेल तर द्यायचा. आंबा, चिंच, उंच, मांजर, भांडण, कुंकू, थांब, सांग. इथे कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो पाच, दात, काटा, आत, आता, जेव्हा, तेव्हा, काही, नाही, नाव, गाव, हसणे अशा शब्दांत. यांपैकी एकावरही आज टिंब नाही. ऐकून ठरवता येत नसेल तर नाक चिमटीत धरून शब्द म्हणा. ‘आंबा’ म्हणताना आवाज अडकतो, कारण हवा नाकातून जायला बघते. ‘पाच’ म्हणताना काहीच अडत नाही. मात्र शब्दात मुळातच न किंवा म असेल तर ही युक्ती फसते. ‘नाव’, ‘नाही’, ‘मी’ यांत शेजारच्या न-म मुळे स्वरही थोडा नाकात जातो, आणि बहुधा त्यामुळेच ‘नांव’ लिहिण्याचा मोह आजही सुटत नाही. हे शब्द लक्षातच ठेवायचे. पूर्वी ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी असा भेद टिंबाने होत असे. आता दोन्ही ‘नाव’, आणि वाक्यावरून अर्थ बरोबर लागतो.

याच गटातला एक शब्दप्रकार वेगळा सांगायला हवा, कारण त्यातली चूक सुशिक्षितांच्या लेखनातही सर्रास दिसते. जाताना, येताना, बोलताना, करताना, लिहिताना. यांत ‘ता’वर टिंब नाही. ‘जातांना’, ‘करतांना’ ही जुनी रूपं. ‘मुलांना’, ‘लोकांना’ यांत ‘ना’च्या आधी टिंब असतं, म्हणून ‘करताना’तही हवं असं वाटतं. पण ‘मुलांना’मधला ‘ना’ विभक्तीचा प्रत्यय आहे. ‘करताना’ हे क्रियापदाचं रूप आहे, तिथे अनेक कुणी नाही.

संयम, संरक्षण, संलग्न, संवाद, वंश, मांस, सिंह या शब्दांचा उच्चार लिहिल्यासारखा सरळ होत नाही. ‘संवाद’ म्हणताना व आधीच सुरू होतो, ‘सिंह’ म्हणताना मध्ये व येतो. लिहिताना तो दाखवायचा नाही. य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्या आधी फक्त टिंब, की काम झालं.

तिसरी पायरी: एक की अनेक

सर्वांत मोठं कारण हे. यावर वेळ घालवा, कारण रोजच्या लेखनातल्या बहुतेक चुका इथल्याच असतात.

नामाला किंवा सर्वनामाला पुढे काही जोडायचं झालं की त्याचं रूप बदलतं: मुलगा, पण मुलाला, घर, पण घराचा, नदी, पण नदीत. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. नियम इतकाच: सामान्यरूप अनेकवचनी असेल तर त्याच्या शेवटच्या अक्षरावर टिंब द्यायचं. मुलाचा चेंडू एका मुलाचा, मुलांचा चेंडू अनेकांचा. घरापुढे अंगण म्हणजे एकाच घरापुढे, घरांपुढे म्हणजे ओळीने सगळ्या घरांपुढे. शाळेत, शाळांत. मुलीला, मुलींना. विद्यार्थ्याकडून, विद्यार्थ्यांकडून. वस्तूचा, वस्तूंचा. व्यक्तीसाठी, व्यक्तींसाठी. त्याला, त्यांना.

तपासण्याची रीत सोपी आहे. जोडलेला भाग मनातल्या मनात काढून टाका आणि मूळ शब्द एक आहे की अनेक ते विचारा. ‘झाडाखाली’ म्हणजे झाड की झाडं? वाक्य ‘रस्त्याकडेच्या झाडाखाली गाड्या लावल्या होत्या’ असं असेल आणि झाडं पुष्कळ असतील, तर ‘झाडांखाली’. हे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. ते लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

दोन प्रत्यय तर न विचारताच उत्तर देतात. ‘ना’ आणि ‘नी’ हे अनेकवचनाचे प्रत्यय आहेत, त्यामुळे त्यांच्या आधी आ, ई, ऊ असा स्वर आला की टिंब आलंच: मुलांना, मुलांनी, मुलींना, साधूंनी, सर्वांना, दोघांनी, इतरांना, काहींनी. एकवचनाला ‘ला’ आणि ‘ने’. ‘मुलांने’ असं रूप नाही, ‘मुलानी’ असंही नाही. बोलताना पुष्कळ जण ‘आईनी सांगितलं’, ‘दादानी आणलं’ असं म्हणतात. बोलण्यात ते चालतं, लिहिताना मात्र ‘आईने’, ‘दादाने’. हाक मारतानाचा ‘नो’ही अनेकांसाठीच असतो, म्हणून मुलांनो, मित्रांनो, बंधूंनो, भगिनींनो. भाषणाच्या कागदावर ‘मित्रानो’ दिसतं ते चूक.

‘आम्हाला’, ‘तुम्हाला’ यांचं काय? नियम काटेकोरपणे लावला तर ‘आम्हांला’, ‘तुम्हांला’ असं लिहायला हवं, कारण दोन्ही अनेकवचनी आहेत. छापील मजकुरात दोन्ही रूपं दिसतात, आणि टिंब नसलेली अधिक. माझं मत असं, की कोणतंही एक घ्या आणि एका मजकुरात तेच शेवटपर्यंत ठेवा.

संख्या आली की टिंब विसरू नका. दोन दिवसांत काम होईल. तीन महिन्यांपूर्वी भेटलो. दहा वर्षांचा मुलगा. पन्नास रुपयांचं तिकीट. पाच मिनिटांनी फोन कर. आकडा एकापेक्षा मोठा असेल तर पुढच्या नामाच्या सामान्यरूपावर टिंब हवंच. ‘तीन वर्षापूर्वी’ हे इतक्या ठिकाणी छापलेलं दिसतं की बरोबर वाटू लागतं, पण ते बरोबर नाही. ‘एका वर्षात’ मात्र बिनटिंबाचं.

शरीराचे जे अवयव दोन असतात त्यांच्याकडेही लक्ष द्या. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, दोन्ही हातांनी उचललं, पायांवर उभा राहिला. डोळ्यांत पाणी दोन्ही डोळ्यांत येतं, डोळ्यात कचरा बहुतेक वेळा एकाच डोळ्यात जातो. मराठी लिहिणाऱ्याला हा बारकावा टिंबामुळे फुकट मिळालेला आहे, तो वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

टिंब कुठे द्यायचं नाही, हेही याच पायरीवर शिकून घ्या. नामाच्या आधी येणाऱ्या विशेषणाला ते लागत नाही. ‘चांगल्या मुलांना’ लिहायचं, ‘चांगल्यां मुलांना’ नाही. ‘आमच्या मित्रांच्या घरात’ या शब्दांत मित्र अनेक आहेत, घर एक. म्हणून टिंब ‘मित्रां’वर, ‘आमच्या’वर नाही, ‘घरा’वर नाही. पण विशेषणच नामाची जागा घेतं तेव्हा टिंबही घेतं: ‘घरच्या लोकांना सांग’, पण ‘घरच्यांना सांग’. ‘मोठ्या माणसांचं ऐक’, पण ‘मोठ्यांचं ऐक’.

जोडशब्दात फक्त शेवटच्या भागावर टिंब येतं. आई-वडिलांना, मुलाबाळांना, फळाफुलांचा, स्त्री-पुरुषांसाठी. आणि जो शब्द समूह दाखवतो पण स्वतः एकवचनी आहे, त्याला टिंब नाही: समितीने, मंडळाला, जनतेने, कुटुंबाचा. कुटुंबातली माणसं म्हणायची असतील तर कुटुंबीयांचा. ठिकाणांची नावंही एकवचनीच धरायची: पुण्यात, ठाण्याला, गोव्याहून.

प्रत्यय आणि ‘साठी’, ‘मध्ये’, ‘पुढे’, ‘कडे’ यांसारखे शब्द नामाला जोडून लिहायचे. ‘मुलां साठी’, ‘लोकां मध्ये’ असं तोडून लिहिणं हिंदीच्या सवयीने शिरलं आहे. तोडल्यावर ‘मुलां’ हा एकटा शब्द अधांतरी राहतो आणि टाइप करताना त्याच्यावरचं टिंबही बऱ्याचदा गळतं.

चौथी पायरी: आदर

एकाच माणसाबद्दल लिहिताना आदर असेल तर रूप अनेकवचनी होतं आणि टिंब येतं. बाबांनी, आजोबांना, काकांकडे, सरांचा, डॉक्टरांशी, राज्यपालांना, मुख्यमंत्र्यांचा. टिळकांचं वृत्तपत्र, आंबेडकरांची भाषणं, सावित्रीबाईंची शाळा. इथे टिंब गाळणं ही शुद्धलेखनाची चूक तर आहेच, पण वाचणाऱ्याला त्यापेक्षा जास्त काही लागतं. ‘सरानी शिकवलं’ वाचताना जीभ अडते, आणि शोकसभेच्या सूचनेत ‘वडिलाचे निधन’ वाचलं तर मन दुखावतं.

कुणाला टिंब आणि कुणाला नाही, हे घरातल्या हाकेवर ठरतं. आईला आपण अगं म्हणतो, म्हणून आईने, आईला, आईचा. बाबांना बहुतेक घरांत अहो म्हणतात, म्हणून बाबांनी. वडिलांना अरे म्हणणाऱ्या घरातलं मूल ‘बाबाने’ लिहील, आणि त्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. आजीला अगं म्हणत असाल तर आजीने, अहो म्हणत असाल तर आजींनी. वहिनीने किंवा वहिनींनी, मावशीला किंवा मावशींना. सासूबाईंना मात्र जवळपास सगळीकडे टिंब आहेच. देवाला आपण अरे-तुरे करतो, म्हणून गणपतीला, विठ्ठलाचा, देवीने. संतांच्या बाबतीत दोन्ही चालतं. भक्त प्रेमाने ‘तुकारामाचा अभंग’ म्हणेल, अभ्यासाच्या लेखात ‘तुकारामांचा अभंग’ लिहितात. एकाच लेखात दोन्ही नको, एवढं बघा.

‘यांनी’, ‘यांचा’, ‘यांना’ हे शब्द आदरासाठीच वापरतात. त्यांच्यावर नेहमी टिंब असतं: श्री. देशपांडे यांनी, डॉ. पाटील यांचा. ‘यानी’, ‘याचा’ झालं की आदर गेला. हे वापरलं तर आडनावाला हात लावावा लागत नाही, म्हणून पत्रव्यवहारात ते सोयीचं पडतं. न वापरता लिहायचं तर ए-कारान्त आडनावाचं रूप नियमाप्रमाणे या-कारान्त होतं: गोखले, गोखल्यांनी, फडके, फडक्यांना. ‘गोखलेंनी’ही छापलेलं दिसतं. मी ‘गोखल्यांनी’ लिहीन.

अक्षराच्या शेवटी आ, ई, ऊ नसेल तर टिंबाला जागाच नसते. ‘मॅडमनी सांगितलं’ यात आदर आहे, पण ‘म’वर टिंब नाही. तिथे शोधत बसू नका.

पाचवी पायरी: केलं, झालं, माझं

फोनवरच्या संदेशांत टिंब सर्वांत जास्त गळतं ते इथे. ‘जेवण झाल का’, ‘मी सांगितल होत’, ‘माझ काम’, ‘बर’, ‘खर सांग’. बोलताना आपण ‘झालं’ म्हणतो, शेवटचा अ लांबवून म्हणतो, आणि तो लांबवलेला अ दाखवण्यासाठी टिंब असतं. ते काढलं तर वाचणारा ‘झाल्’ असं तोडून वाचतो. काही ठिकाणी अर्थच बदलतो. ‘फळ आण’ म्हणजे एक, ‘फळं आण’ म्हणजे पुष्कळ. ‘तळ’ म्हणजे बूड किंवा सैन्याचा मुक्काम, ‘तळं’ म्हणजे पाण्याचं. फूल आणि फुलं, पान आणि पानं, काम आणि कामं.

औपचारिक लेखनात हे टिंब लागतच नाही, कारण तिथे ए-कारान्त रूप लिहायचं: झाले, सांगितले, माझे, फळे, करणे. अर्ज, निवेदन, निमंत्रण, सूचना यांत ही रूपं वापरा. संवाद, पत्र, संदेश, गप्पांच्या अंगाचा लेख यांत झालं, सांगितलं, माझं, फळं, करणं. दोन्ही शुद्ध आहेत. प्रस्तुत लेख दुसऱ्या पद्धतीने लिहिला आहे. चूक होते ती दोन्हींची सरमिसळ केल्यावर, म्हणजे ‘असे झालं’, किंवा दोन्हींचं मिळून तिसरंच ‘झालें’ केल्यावर.

प्रत्येक ए चा अं होत नाही, हे नव्याने शिकणाऱ्याला जपावं लागतं. नपुंसकलिंगी शब्दांचाच होतो. ‘पाणी आले’चं ‘पाणी आलं’ होतं, पण ‘पाहुणे आले’ तसंच राहतं, कारण पाहुणा पुल्लिंगी. ‘घरे’चं ‘घरं’ होतं, ‘आंबे’चं काही होत नाही. ‘आहे’, ‘हे’, ‘ते’, ‘पाहिजे’ यांनाही हात लावायचा नाही.

सहावी पायरी: टिंब की अर्धं अक्षर

यावर फार वेळ घालवू नका. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द पंडित किंवा पण्डित, अंबुज किंवा अम्बुज असे दोन्ही प्रकारे लिहिता येतात. रोजच्या लेखनात टिंबच बरं. दंगा, खंत, तांबे, संप हे शब्द संस्कृत नाहीत, त्यामुळे तिथे टिंबच. ‘खन्त’, ‘सम्प’ असं लिहू नका.

अर्थ बदलत असेल तिथे मात्र अर्धं अक्षर हवं. ‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये, ‘वेदान्त’ म्हणजे तत्त्वज्ञान. ‘शालांत’ म्हणजे शाळांमध्ये, आणि ‘शालान्त’ म्हणजे शाळेच्या शेवटी होणारी परीक्षा. दहावीच्या परीक्षेचं नाव लिहिताना म्हणूनच ‘शालान्त’.

जन्म, अन्न, निम्न, कन्या, धन्यवाद, पुण्य, तुम्ही, उन्हाळा यांतल्या अर्ध्या न, ण, म च्या जागी टिंब चालत नाही. वाङ्मय आणि बृहन्महाराष्ट्र हे संधीने झालेले शब्द आहेत, वाक् आणि मय, बृहत् आणि महाराष्ट्र. त्यांतही ङ् आणि न् तसेच ठेवायचे.

सातवी पायरी: टाइप करताना

टिंब नेहमी मात्रेच्या नंतर टाइप करायचं. ‘मुलांना’ लिहिताना ल, मग काना, मग टिंब. उलट केलं तर पडद्यावर रिकामं ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. संगणकावर इन्स्क्रिप्ट मांडणी वापरत असाल तर इंग्रजी एक्सच्या कळीवर अनुस्वार आहे, आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की चंद्रबिंदू येतो. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड वापरत असाल तर तो अंदाज बांधत असतो, आणि ‘मुलाना’ की ‘मुलांना’ हे त्याला ठरवता येत नाही. पहिली सुचवणी आंधळेपणाने घेऊ नका. हिंदी सुचवण्याही मध्ये घुसतात. ‘मे महिन्यात’ लिहायला जावं तर ‘में’ होतं.

बँक, पँट, हँडल या शब्दांत अर्धचंद्र आणि टिंब एकत्र येतात. युनिकोडमध्ये हे दोन मार्गांनी लिहिता येतं: चंद्रबिंदू हे एकच चिन्ह वापरून, किंवा अर्धचंद्र आणि अनुस्वार अशी दोन चिन्हं लागोपाठ देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, संगणकासाठी ती वेगळी अक्षरं असतात. त्यामुळे मोठ्या मजकुरात एक शब्द शोधताना काही ठिकाणं निसटतात. याद्या, नोंदवह्या, संकेतस्थळाचा मजकूर करणाऱ्यांनी एकच मार्ग ठरवून घ्यावा.

आता सराव

ही एक सूचना बघा. अशा सूचना रोज कुठे ना कुठे लागतात.

‘सर्व सभासदाना कळविण्यात येते की, येत्या रविवारीं संस्थेच्या कार्यालयांत वार्षिक सभा आहे. सभेला येतांना सभासदानी आपलें ओळखपत्र आणावे. मागील तीन वर्षाचे हिशेब अध्यक्ष श्री. कुलकर्णी यानी तयार केले असून ते सर्वाना वाचायला मिळतील.’

पुढे वाचण्याआधी कागदावर स्वतः दुरुस्त करा. मग ताडून पाहा:

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी संस्थेच्या कार्यालयात वार्षिक सभा आहे. सभेला येताना सभासदांनी आपले ओळखपत्र आणावे. मागील तीन वर्षांचे हिशेब अध्यक्ष श्री. कुलकर्णी यांनी तयार केले असून ते सर्वांना वाचायला मिळतील.’

‘सभासदांना’, ‘सभासदांनी’ आणि ‘सर्वांना’ यांत ना-नी आहेत, तिथे विचार करायलाच नको होता. ‘रविवारीं’, ‘येतांना’ आणि ‘आपलें’ ही तिन्ही जुनी टिंबं, ती गेली. ‘वर्षांचे’वर टिंब आलं ते आधीच्या ‘तीन’मुळे. ‘यांनी’ अध्यक्षांच्या आदरासाठी. ‘कार्यालयांत’चं टिंब काढलं, कारण सभा एकाच कार्यालयात आहे. ते टिंब तसंच राहिलं असतं तर दोन ठिकाणी कार्यालयं असलेल्या संस्थेतल्या एखाद्या सभासदाने नक्की कुठे यायचं म्हणून फोन केला असता, आणि चूक त्याची नसती.